आत्यांचं नाव कुणाच्या कार्डावर

“आजींचं नाव कुठल्या कार्डावर घालायचं?” कारकुनानं मान वर न करताच विचारलं.

नगरपालिकेच्या मराठी शाळेत त्या दिवशी शिबिर होतं. चौथीच्या वर्गातली बाकं भिंतीला सरकवून मध्ये दोन टेबलं मांडली होती. एका टेबलावर रेशनकार्ड वेगळी करून मिळत होती आणि दुसऱ्यावर पालिकेच्या परवडणाऱ्या घरांचे अर्ज भरून घेत होते. लोक पहिल्या टेबलावर घर फोडत होते आणि दुसऱ्या टेबलावर घर मागत होते. आम्ही पहिल्या टेबलापाशी उभे होतो. आमचे हे, माझे धाकटे दीर शिवा भावजी, त्यांची बायको वैजयंता, मी, आणि वर्गातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलेल्या आमच्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना बायाक्का म्हणायची. आम्ही दोघी सुना आत्या म्हणायचो.

कारकुनानं विचारलं ते मी ऐकलं, पण त्याला काही उत्तर लागेल असं मला वाटलंच नाही. आत्या थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, हे उन्हाळ्यात ऊन पडतं इतकं उघड होतं. मी पिशवीतून आमचे फोटो काढायला लागले होते.

“आणि एक आधीच सांगून ठेवतो,” कारकून म्हणाला. “तळमजल्यावरची घरं सत्तरीच्या पुढचं माणूस असलेल्या कुटुंबाला राखीव आहेत. तिथं अर्ज मोजकेच आलेत. आजी ज्या कार्डावर, त्यांना घर लागल्यातच जमा धरा. दुसऱ्यांनी आपलं नशीब बघायचं. त्या बाजूला गर्दी फार आहे.”

यांनी आत्यांकडे बघितलं. शिवा भावजींनीही बघितलं. वैजू आपल्या चपलेकडे बघत राहिली. आत्यांनी पदर सारखा केला, डोळे बारीक केले, आणि बाजारात वांगी निवडताना बघायच्या तसं आम्हा दोघींना एकदा निरखलं. मग बोट उचललं.

“हिच्या.”

बोट वैजूकडे होतं.

“धाकटीच्या?” कारकुनानं खात्री करून घेतली.

“व्हय. धाकटीच्याच घाला.”

शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून त्यांनी तो कागदावर दाबला, आणि अंगठा पुसायला माझ्याकडेच हात पुढे केला. मी माझ्या पदरानं तो पुसला. चौदा वर्षांची सवय, हात आपोआप गेला. तो डाग त्या साडीतून पुढे कधी निघाला नाही.

बाहेर आल्यावर शिवा भावजींनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि पुढे निघाले. ते काही खोटं नव्हतं. कुणाचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात ना, तसं माझं त्या दिवशी खरोखर दुखत होतं.

आता आमचं घर कसं होतं ते सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखलं ते कळेल. आमचं गाव मागाचं. गल्लीबोळांत पत्र्याच्या शेडी आणि शेडीत यंत्रमाग. हे एका मालकाच्या मागावर होते आणि त्याच मालकाच्या शेडीमागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं होत्या. मधे एकच भिंत. भिंतीच्या पलीकडे माग, अलीकडे आम्ही. फळीवरच्या कपबश्या दिवसभर थरथरायच्या. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, मीठ दे हेसुद्धा ओरडून. पाहुणे आले की त्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय.

पालिकेनं गावाबाहेर माळावर घरं बांधायला काढली तेव्हा लोकांना बघायला एक घर आधी तयार केलं होतं. एका रविवारी आम्ही सगळे ते बघायला गेलो. आत्या म्हणाल्या, मला काय करायचंय माळावर जाऊन, आणि उंबऱ्यावरच बसून राहिल्या. त्या घरात स्वयंपाकाला ओटा होता. लग्न झाल्यापासून मी जमिनीवर बसून भाकऱ्या थापत होते, माझे गुडघे ते घर बघूनच निम्मे बरे झाले. हे खिडकी लावून बघत होते. खिडकी लावल्यावर आत अशी शांतता झाली की मला कानात काहीतरी झालं असं वाटलं. मी यांना हळूच म्हणाले, “इथं राहू या.” आणि ते त्यांना ऐकू गेलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्याशी हळू आवाजात काही बोलले होते आणि त्याला ते पहिल्या खेपेला ऐकू गेलं होतं. त्या दिवसापासून मला ते घर हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, दुसऱ्या कशात मन लागेना इतकं हवं होतं.

एका कुटुंबाला एकच अर्ज, असा नियम होता. दोघा भावांनी वेगवेगळे अर्ज केले तर कुणाला तरी लागेल, म्हणून कार्ड वेगळं करायचं ठरलं. ती कल्पना माझीच. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आणि आत्यांचं नाव माझ्याकडे येणार हे मी धरून चालले होते, त्यालाही कारण होतं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण राहिलं? मी. न्हाणीत पाय घसरून पडल्या तेव्हा दोन महिने उचलून कुणी बसवलं? मी. वैजू आमच्याकडे येऊन चारच वर्षं झाली होती, त्यात ती सकाळी शिवणाच्या कारखान्यात जायची ती दिवेलागणीला यायची. घरातली चूल, आत्यांचं जेवण, आत्यांचं डोकं धुणं, सगळं माझ्या अंगावर. कौतुक मात्र आत्यांनी कधी केलं नाही. भाकरी पुढ्यात आली की उलटून बघायच्या आणि म्हणायच्या, “काठ जळालाय की गं.” भाजीत मीठ एक तर कमी असायचं नाही तर जास्त. चौदा वर्षांत मला बरोबर मीठ एकदाही जमलं नव्हतं.

घरी आल्यावर मी यांच्यापाशी रडले. हे भले गृहस्थ. म्हणाले, आईनं सांगितलं, झालं. कागदावर कुठं का असेना, आई आपलीच. मी म्हटलं, आई आपली पण घर त्यांचं. बाकी कुणाला मी काही विचारलं नाही. आत्यांना तर नाहीच. मागून घेतलेला मान म्हणजे शिळा भात, गिळला जातो पण गोड लागत नाही.

अर्ज दिला म्हणजे संपलं असं नव्हतं. दोन कुटुंबं खरंच वेगळी राहतात की नाही हे बघायला पालिकेचा माणूस घरी येणार होता. कधी येणार ते सांगत नव्हते. दोन चुली दिसल्या पाहिजेत, भांडी वेगळी दिसली पाहिजेत, आणि आजी ज्यांच्या कार्डावर त्यांच्यात जेवताना दिसल्या पाहिजेत, असं कारकुनानं शिवा भावजींना बजावलं होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे एकाच घरात दोन झाल्या. भावजींनी कुठून तरी एक जुनी गॅसची शेगडी आणली. पुढच्या खोलीत त्यांचा संसार, मागच्या खोलीत आमचा, मधे माझ्या लग्नातल्या साडीचा पडदा. आत्यांचं अंथरूण पुढच्या खोलीत गेलं. भावजी म्हणाले, चार दिवसांचं नाटक आहे वहिनी, माणूस येऊन गेला की शेगडी माळ्यावर.

पण तो माणूस येईना. आठवडा गेला, मग महिना गेला, आणि नाटक तसंच चालू राहिलं.

वैजूला स्वयंपाक येत नव्हता, यात तिचा दोष नाही. माझ्या हाताखाली कांदा चिरण्यापलीकडे तिला कधी काही करावं लागलं नव्हतं. तिची भाकरी जाड, मध्ये कच्ची आणि काठाला कडक. पहिल्या दिवशी मी पडद्याला फट करून बघितलं. आत्यांनी ती भाकरी उलटून बघितली नाही. आमटीत कुस्करली आणि खाल्ली. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, उद्या बोलतील. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत. आमटी म्हणजे नुसतं हळदीचं पाणी, तीही वाटी तोंडाला लावून प्यायल्या. हेच माझ्या हातून झालं असतं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं.

एक दिवस तर त्या म्हणाल्या, “बरी झालीया.”

दोनच शब्द. वैजूचं तोंड असं फुललं की मला पडद्याआडून बघवेना. मी तव्यावरची भाकरी टाकून उठले आणि न्हाणीत जाऊन उगीचच तोंडावर पाणी मारलं. चौदा वर्षांत मला न मिळालेलं ते, ती कच्च्या भाकरीवर घेऊन गेली होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच असावं. मला तिचा राग आला, तिच्या हसण्याचा आला, ती केसात माळायची त्या अबोलीचासुद्धा आला.

मग मीही इरेला पेटले. आत्यांना आवडतं ते सगळं मी मागच्या खोलीत करायला लागले. हुलग्याचं माडगं केलं. दोडक्याच्या शिरांची चटणी केली. कांद्याची पात घालून झुणका केला आणि फोडणी देताना मुद्दाम पडद्याजवळ उभी राहिले. वास पलीकडे जात होता हे मला ठाऊक होतं, कारण आत्यांचं खोकणं थांबायचं. पण त्या उठून आल्या नाहीत. एकदा वाटी भरून नेऊन द्यावी असं मनात आलं. मग वाटलं, का म्हणून? ज्यांच्या कार्डावर आहात त्यांच्यात जेवा. आम्ही दोघं आणि माझी पोर ते सगळं खात बसायचो. पोर एकदा म्हणाली, आई, आपल्याकडे रोज सण का गं असतो? मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

वैजूला माझ्या मनातलं कळत नसेल असं नाही. एका संध्याकाळी ती पडदा सारून आली आणि म्हणाली, “अक्का, आत्यांना हुलग्याचं माडगं आवडतं. तुम्ही कसं करता ते सांगा की.”

“अंदाजानं,” मी म्हणाले.

ती आली तशी पडद्यापलीकडे गेली. त्यानंतर आम्हा दोघींत पाणी आलं का आणि दार लाव यापलीकडे बोलणं उरलं नाही. नाटकातली वेगळी चूल खरोखरच वेगळी झाली होती, आणि माणूस अजून यायचाच होता.

तो आला एका दुपारी, आत्या जेवायला बसल्या असताना. तरुण पोरगा होता, घामाघूम झालेला. वैजू त्या दिवशी तापानं घरीच होती. त्यानं दोन्ही शेगड्या बघितल्या, भांड्यांवर नजर टाकली, पडद्याचं कापड चिमटीत धरून बघितलं. माग चालू होते, त्यामुळे सगळी चौकशी ओरडून चालली होती.

“आजी, जेवता कुणात?”

“धाकटीत,” आत्या ओरडल्या.

“थोरली बघत नाही का?”

आत्यांनी घास गिळला. मी पडद्याला धरून उभी होते, तिथून त्यांना दिसत होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “तिचं तिला हाय. धाकटीच बघती माझं सगळं. लेकीवाणी बघती.”

खोटं होतं, ते मला कळत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलंच खोटं होतं. पण त्या दिवशी ते ऐकताना त्यातलं एक अक्षरही मला खोटं वाटलं नाही. पोरानं माझ्याकडे वळून विचारलं, आजींचं नाव तुमच्यात नको, याला तुमची हरकत नाही ना? मी मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, कोण जाणे. त्यानं काहीतरी लिहून घेतलं, पाणी प्याला आणि गेला.

त्या रात्री यांनी पडदा काढायला हात घातला तेव्हा मी म्हणाले, “राहू दे. लागलीच आहे सवय.”

सोडत गावातल्या नाट्यगृहात झाली. लग्नाला जावं तसे लोक नटून आले होते. कुणी नारळ आणले होते, कुणी लहान पोरांना पुढे बसवलं होतं, पोरांच्या हाताला यश असतं म्हणून. आधी राखीव घरांची सोडत झाली. कारकून म्हणाला होता तसंच झालं, अर्ज इतके थोडे की जवळजवळ सगळ्यांचीच नावं पुकारली गेली. शिवा भावजींचं नाव आलं तेव्हा वैजू जागेवरून उठली आणि परत बसली. तिनं आत्यांचा हात धरला. आत्यांनी धरू दिला.

मग आमच्या बाजूची सोडत सुरू झाली. एकेका नावाला कुठून तरी किंकाळी उठायची. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, द्यावं लागलं नाही. शेवटचं नाव पुकारून झालं, टाळ्या वाजल्या, आणि लोक खुर्च्या आपटत उठायला लागले. हे म्हणाले, चला. मी बसूनच होते. अजून एखादं नाव राहिलं असेल असं मला वाटत होतं.

शिवा भावजींनी पेढे वाटले. मला पेढा द्यायला वैजू स्वतः आली. मी तो तोंडात टाकला आणि चांगलं झालं म्हणाले. एक मन म्हणत होतं, अगं, दिराला घर झालं, आपल्याच माणसाचं झालं. दुसरं मन म्हणत होतं, ते घर तुझं होतं. म्हातारीचं एक बोट इकडचं तिकडे झालं असतं तर तू पेढे वाटले असतेस आणि ही खात बसली असती. पहिलं मन आपलं शहाण्यासारखं बोलत होतं, पण मी ऐकत होते दुसऱ्याचंच.

किल्ली मिळायला पुढं बरेच महिने गेले. त्या सगळ्या महिन्यांत आत्या पुढच्या खोलीतच जेवत राहिल्या. मी आशा सोडली होती. मनाशी पक्कं केलं होतं की ही म्हातारी त्या घरी जाऊन बसणार, आणि मी सणासुदीला डबा घेऊन तिला भेटायला माळावर जाणार. वैजू मला दार उघडणार. मला पाणी देणार. आणि मी त्या पाण्याला बरं म्हणणार.

सामान हलवायचा दिवस आला तेव्हा गल्लीत टेम्पो उभा राहिला. सामान असं कितीसं होतं? कपाट, शेगडी, दोन गाद्या, भांड्यांची पोती. वैजूनं आत्यांसाठी एक नवी खाट घेतली होती, लोखंडी, बाजूला धरायला दांडा असलेली. ती थेट नव्या घरी पोचली होती. आत्यांचं गाठोडं तिनं स्वतःच बांधलं आणि टेम्पोत पुढे ठेवलं.

“चला आत्या,” ती म्हणाली. “तुम्ही पुढं बसा, गार वारं लागंल.”

आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. रोजच्यासारख्याच, एक पाय आत, एक बाहेर. त्या म्हणाल्या, “माझं गाठोडं उतरव गं.”

वैजूला वाटलं, काहीतरी काढायचं राहिलं असेल. तिनं गाठोडं आणून दिलं. आत्यांनी ते मांडीवर घेतलं आणि तशाच बसून राहिल्या.

“मी न्हाई येत. तुम्ही जावा. सुखानं ऱ्हावा.”

शिवा भावजी हसले. आई, चेष्टा पुरे, टेम्पोवाला ओरडतोय, असं काहीतरी म्हणाले. आत्या चेष्टा करत नव्हत्या. आमचे हे पुढे झाले, त्यांनीही समजावलं. पालिकेचा माणूस पुन्हा बघायला आला तर काय सांगायचं, असं भावजींनी विचारलं. आत्या म्हणाल्या, तेव्हा निरोप धाड, मी येऊन दिवसभर तुझ्या खाटंवर बसते.

वैजू माझ्याकडे बघत होती. मी पुढे होऊन काहीतरी म्हणावं असं तिला वाटत असेल, पण मी जागची हलले नाही. शेवटी ती आत्यांपुढे वाकली. नमस्कार करायला वाकली असं मला वाटलं, पण ती बोलायला वाकली होती.

“माझ्या हातचं तुम्हाला आवडतंय असं मला वाटलं होतं,” ती म्हणाली.

आत्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. “देव तुला काय कमी करणार न्हाई,” त्या म्हणाल्या. हे काही उत्तर नव्हतं, आणि वैजूला ते कळलं. ती टेम्पोत जाऊन बसली आणि टेम्पो वळेपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही.

पुढे ती दर रविवारी यायची. येताना फळं आणायची, आत्यांची नखं कापायची. मी आत्यांना वाढत असले आणि त्या माझ्यावर खेकसत असल्या, की ती भिंतीला टेकून आमच्याकडे एकटक बघत बसायची. ती नजर मला चांगली ओळखीची होती. पडद्याच्या फटीतून मीच ती कितीतरी दिवस वापरली होती. तिच्या नव्या घरी मी गेले की माझी नजर तीच व्हायची, आणि तिला ती दिसत असणार. अशा आम्ही दोघी. आत्या त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, आणि ती नऊ वर्षं आम्ही एकमेकींच्या ताटातलं मोजत बसलो.

पण ते नंतरचं. टेम्पो गेला त्या दुपारी आत्या गाठोडं काखेत मारून मागच्या खोलीत आल्या. पडदा वाटेत आला, तो त्यांनी खसकन ओढून खाली पाडला आणि त्यावरूनच चालत आल्या. माझ्या समोर मांडी घालून बसल्या. मी भाकऱ्या थापत होते. काही न विचारता मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी उलटून बघितली.

“काठ जळालाय,” त्या म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.

एवढे महिने दाबून धरलेलं मग मी विचारलं. भिंतीपलीकडे माग चालू होते, म्हणून ओरडूनच विचारलं.

“आत्या, नाव तिच्या कार्डावर का घातलंत?”

“तुझ्या कार्डावर घातलं असतं तर घर तुला लागलं असतं.” त्याही ओरडूनच बोलत होत्या.

“मग लागू द्यायचं होतं.”

“लागलं असतं तर तू गेली असतीस.”

“तुम्हाला घेऊन गेले असते.”

“मला कशाला न्हेतीस? मी न्हाई जायची त्या माळावर. हितं गल्लीतून येताजाता चार माणसं हाक मारत्यात मला. तिथं काय भिंतींसंगं बोलू? मी हितंच मरणार.” त्यांनी घास चावून संपवला. सावकाश चावायच्या, दात थोडेच उरले होते. “आन तू गेल्यावर मला धाकटीच्या हाताखाली ऱ्हावं लागलं असतं. बघितलंस न्हवं, कसली भाकरी करती ती? कितीदा पोटात दुखलं माझं. पर धाकट्याला घर मिळतंय म्हटल्यावर गोड बोलून खाल्ली. ती गेली तर चालतंय मला. तू गेलीस तर माझं कसं व्हायचं?”

माझा तवा तापून धूर निघायला लागला होता. शाळेतल्या त्या वर्गापासून त्या दुपारपर्यंत मी एकाच गोष्टीसाठी जळत होते, की या बाईला माझ्यापेक्षा ती जास्त हवी आहे. तसं नव्हतं. हवी होते ती मीच. पहिल्यापासून मीच. हे ऐकायला मी तरसले होते, आणि आता ते मला भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं जात होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधलासुद्धा. पण मला सापडला तो संतापच. वैजू त्यांना नकोशी होती म्हणून ती सुटली, आणि मी हवीशी होते म्हणून मला इथं या भिंतीला बांधून ठेवलं होतं. यापेक्षा त्यांचं माझ्यावर मन नसतं तर किती बरं झालं असतं.

“मला ते घर पाहिजे होतं, आत्या,” मी म्हणाले. या वेळी मी ओरडले नाही. तरी त्यांना ते कळलं, माझ्या तोंडाकडे बघून कळलं असेल.

“ठाऊक हाय की,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुझ्या कार्डावर न्हाई घातलं.”

आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. मी आणखी एक भाकरी वाढली.